पोळीभाजी केंद्रात रोज किती पोळ्या करायच्या: जून-जुलै २०२४ च्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

मावशीचं डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी सहा ते दहा, गिऱ्हाईक बहुतेक लोकलमधून उतरून घरी जाणारं. प्रश्न एकच, रोज पोळ्या किती करायच्या. कमी पडल्या तर लोक परत जातात, उरल्या तर वाया, कारण शिळी पोळी मावशी विकत नाही, विषय संपला. मी कॉमर्सला शिकलेलं संख्याशास्त्र इथे वापरून बघणार आहे आणि नोंदी ठेवणार आहे, कोणाला स्वतःच्या खानावळीत किंवा टिफिनच्या धंद्यात हेच करायचं असेल तर उपयोगी पडतील. थिअरी लिहीत नाही, ती कुठेही मिळते.

सुरुवात मुद्दाम आजपासून, कारण ३१ मे ते २ जून मध्य रेल्वेचा ६३ तासांचा ब्लॉक होता आणि त्या दिवसांचे आकडे कशालाच धरून नाहीत.

७ जून, शुक्रवार

मावशीच्या जुन्या वह्यांमधली एप्रिल-मेची विक्री गूगल शीटमध्ये टाकली. दोन रात्री गेल्या. सरासरी निघाली ४१८ पोळ्या, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते) फक्त ४. इतकी एकसारखी मागणी पोळ्यांना असूच शकत नाही, म्हणून विचारलं तर मावशी म्हणाली, "अगं मी रोज चारशेवीसच करते, पोळ्या लाटणाऱ्या ताईंना तेवढंच पीठ मळायला सांगितलंय." म्हणजे वहीत मागणी नव्हतीच, वहीत आपणच केलेल्या पोळ्या होत्या. बहुतेक दिवशी त्या संपल्या होत्या आणि संपल्यानंतर किती लोक आले हे कुठेच लिहिलेलं नाही.

या टप्प्यावर खूप जण फसतील असं मला वाटतं. विक्रीचा आकडा हातात असतो म्हणून आपण त्याची सरासरी काढून मोकळे होतो, पण माल संपला त्या दिवशी विक्री म्हणजे मागणी नसते, मागणी त्याच्या वर कुठेतरी असते. जुना डेटा सगळा बाजूला ठेवला. ₹४० ची नवीन वही आणली आणि काउंटरच्या घड्याळाखाली टांगली. त्यात दर पाव तासाला किती पोळ्या गेल्या ते, संपल्या तर किती वाजता ते, आणि संपल्यावर कोणी विचारलं तर किती पोळ्या मागितल्या ते.

१६ जून, रविवार

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार (१३ तारखेचा) घेते. ४२० पोळ्या ८.४५ ला संपल्या. त्यानंतर विचारून परत गेलेल्यांच्या मिळून ६१ पोळ्या, म्हणजे मागणी ४८१? नाही, कारण परात रिकामी दिसली की निम्मे लोक विचारतच नाहीत, लांबूनच बघून पुढच्या दुकानात जातात. मी स्वतः समोर उभी राहून बघितलं. फक्त परत गेलेले मोजले तर आकडा कमीच येतो.

म्हणून दुसरा मार्ग, वेळेचा. ज्या दिवशी पोळ्या उरल्या त्या दिवशी ८.४५ पर्यंत किती टक्के विक्री झाली होती ते काढलं, ८३ टक्के आलं. मग ४२० भागिले ०.८३ म्हणजे ५०६. शनिवारी सकाळी हे लिहिता लिहिता लक्षात आलं की हेही चुकतंय. पोळ्या उरतात ते दिवस बहुतेक शनिवार, आणि शनिवारी ऑफिसवाले कमी, आसपासच्या सोसायटीतले लोक लवकर येऊन घेऊन जातात. त्या दिवसाचा वेग गुरुवारला लावता येत नाही. कामाच्या दिवशी सीएसएमटीहून निघालेली गर्दी साडेआठनंतरच उतरते.

कामाच्या दिवसाची खरी वेळ बघायची तर एकच इलाज, एक आठवडा इतक्या पोळ्या करायच्या की संपणारच नाहीत. मावशीला विचारलं, पैसे जातील म्हणून सांगितलं. ती एक दिवस विचार करते म्हणाली आणि मग हो म्हणाली.

२२ जून, शनिवार

सोमवार ते शनिवार रोज ६२० केल्या. विकल्या गेल्या त्या अशा: सोम ४९८, मंगळ ५४१, बुध ५१२, गुरू ५५१, शुक्र ४३१, शनि ४०४. एकूण २,९३७. केल्या होत्या ३,७२०, उरल्या ७८३, एका पोळीचा खर्च ₹४.५० धरला तर ₹३,५२४ गेले. उरलेल्यांतल्या काही पोळ्या ताई घरी घेऊन गेल्या, बाकी गोशाळेत दिल्या. रक्कम मोठी आहे, पण एवढ्या पैशात पहिल्यांदा मागणी दिसली, आणि इतके दिवस आपण आठवड्यातले चार दिवस ७० ते १३० पोळ्यांचं गिऱ्हाईक सोडत होतो हे कळलं. (शुक्रवारचा आकडा कमी आहे, त्या दिवशी वटपौर्णिमा होती. तो आकडा वेगळ्या रंगात ठेवलाय, नेहमीच्या शुक्रवारात मिसळला नाही.)

कामाच्या दिवशी ७.३० पर्यंत ४२ टक्के आणि ८.४५ पर्यंत ७४ टक्के विक्री होते. ७४ धरला तर १३ तारखेच्या गुरुवारची मागणी ५६८ येते, ५०६ नाही. एवढा फरक पडतो.

२३ जून, रविवार

आता सरासरीइतक्या करायच्या का? सरासरीइतक्या केल्या तर साधारण निम्म्या दिवशी कमी पडणार. ते परवडतं का हे उरण्याचं नुकसान आणि कमी पडण्याचं नुकसान शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

पोळी ₹१० ला. खर्च: पीठ १.३०, तेल-गॅस ०.९०, लाटण्या-भाजण्याची मजुरी २, पॅकिंग ०.३०, मिळून ४.५०. भाडं धरलं नाही, ते पोळ्या कमी-जास्त केल्याने बदलत नाही. म्हणजे एक पोळी उरली तर ४.५० गेले, एक कमी पडली तर ५.५० मिळाले नाहीत. ५.५० भागिले दोन्हींची बेरीज १०, उत्तर ०.५५. म्हणजे शंभरातले ५५ दिवस पुरतील इतक्या करा, सरासरीच्या किंचित वर.

मी हे शीटमध्ये टाकून मोकळी झाले होते, मावशीने एका वाक्यात मोडलं. "पोळी नाही म्हटलं की तो भाजी तरी घेतो का?" नाही घेत. पोळी नसली की माणूस भाजीचा डबाही घेत नाही. गिऱ्हाईक सरासरी पाच पोळ्या आणि एक भाजी नेतं, भाजीवर ₹१८ सुटतात, म्हणजे प्रत्येक पोळीमागे आणखी ३.६०. कमी पडण्याचं खरं नुकसान ९.१०. आता ९.१० भागिले १३.६० म्हणजे ०.६७. तीनातले दोन दिवस पुरल्या पाहिजेत. पुन्हा पुन्हा रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडे जातं, ते नुकसान यात नाही, ते मोजायची सोय माझ्याकडे नाही, म्हणून ०.६७ हा कमीत कमी धरा.

२६ जून, बुधवार

काल अंगारकी होती. नेहमीच्या मंगळवारचा अंदाज लावू की उपवास म्हणून कमी करू, मी अडकले होते, माझ्या डेटात एकही संकष्टी नव्हती. मावशी म्हणाली पोळ्या कमी करू नकोस, उशिरा लागतील, चंद्रोदय दहाच्या पुढे आहे, आणि दोन्ही भाज्या बिनकांदा-लसणाच्या कर. ७.३० ला फक्त १९ टक्के गेल्या होत्या आणि मला घाम फुटला होता, साडेआठनंतर रांग लागली, शेवटी ५६० गेल्या. जिथे आपल्याकडे एकही निरीक्षण नाही तिथे वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाचा अंदाजच घ्यायचा, शीट बंद करायची. संकष्टीचा वेगळा कॉलम केला.

३० जून, रविवार

प्रत्येक वाराची मागणी वेगळी, आणि प्रत्येक वाराचे आकडे माझ्याकडे तीन-तीनच (१० जूनपासूनचे, संपलेल्या दिवशी वेळेवरून काढलेले, अंगारकी आणि वटपौर्णिमेला मावशीने दुरुस्त केलेले). तीन गुरुवारांतून 'तीनातले दोन दिवस पुरतील' असा आकडा काढायला गेलं तर काहीही येतं. मग असं केलं की प्रत्येक दिवसाची मागणी त्या वाराच्या सरासरीने भागली. गुरुवार असो की शनिवार, सगळे १ च्या आसपासच्या आकड्यात आले, आणि असे १८ आकडे एकत्र झाले. लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, बारावा घेतला, तो १.०४.

मग भावाने शीट बघितली, तो इंजिनिअरिंगला आहे, त्याने विचारलं की त्या सरासरीत तो दिवस स्वतः पण बसलाय ना? बरोबर आहे. तीनच दिवसांच्या सरासरीत स्वतः तो दिवस असला तर ती त्याच्याकडे ओढली जाते आणि चढउतार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. उद्याचा गुरुवार तर सरासरीत नसणार. म्हणून प्रत्येक दिवस त्याच वाराच्या उरलेल्या दोन दिवसांच्या सरासरीशी ताडला. आता आकडे ०.७८ ते १.२६ पसरले, बारावा १.०६ आला. गुरुवारची सरासरी ५४८, गुणिले १.०६, म्हणजे ५८१. आकडे कमी असतील तर ही दुरुस्ती सोडू नका, दहा-अकरा पोळ्यांचा फरक पडतो.

१ जुलै, सोमवार

आजपासून पद्धत बदलली आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. सगळ्या पोळ्यांचा निर्णय दुपारी चारला घ्यायचाच कशाला? आधी अंदाजाच्या ६५ टक्के पीठ मळायचं. ७.३० ला किती गेल्या बघायचं, ०.४२ ने भागायचं, आणि उरलेलं तेवढंच मळायचं. पीठ वीस मिनिटं मुरतं, ८.१० ला दोन तवे परत सुरू होतात. ताईंना विचारलं, त्यांनाही आवडलं, मधे चहाला वेळ मिळतो. मी आधी सगळं पीठ मळून उरलेलं फ्रिजमध्ये ठेवू म्हणत होते, मावशीने ऐकलं नाही, पीठ काळं पडतं आणि पोळी वातड होते.

५ जुलै, शुक्रवार

काल नवी पद्धत आपटली. मरीन ड्राइव्हला वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमची मिरवणूक होती, गाड्या तुंबल्या, लोक उशिरा पोचले. ७.३० ला फक्त १५० पोळ्या गेल्या होत्या, १५० भागिले ०.४२ म्हणजे ३५७, आणि पहिल्या खेपेच्या ३८० होत्याच, म्हणून दुसरं पीठ मळलंच नाही. ९.१० ला सगळ्या संपल्या आणि गर्दी तर तेव्हा आली. घाईने मळून आणखी ७० केल्या, तरी वहीत चाळीसच्या वर पोळ्यांचे लोक परत गेल्याची नोंद आहे, न विचारता गेलेले वेगळेच.

अंगारकीला हेच दिसलं होतं, १९ टक्के. गिऱ्हाईक कमी येणं आणि गिऱ्हाईक उशिरा येणं ही दोन्ही ७.३० ला सारखीच दिसतात. ४२ टक्क्यांचा नियम फक्त गाड्या वेळेवर असतील तेव्हाच. आता नियम असा: ७.३० ला आकडा फारच कमी आला तर आधी एम-इंडिकेटर ॲपवर गाड्यांचं बघायचं, नाहीतर येणाऱ्या गिऱ्हाइकालाच विचारायचं, गाड्या लेट असतील तर ७.३० चा आकडा सोडून दुपारचा मूळ अंदाज धरायचा.

९ जुलै, मंगळवार

काल पहाटेपासून तुफान पाऊस, मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलीमीटरच्या वर, लोकल ठप्प. इथे मात्र उलट, लोक ऑफिसला गेलेच नाहीत, म्हणजे संध्याकाळी उतरणारं कोणी नाही. गाड्या बंद म्हणून मूळ अंदाज धरा असा माझा नियम लावला असता तर दोनशेच्या वर पोळ्या उरल्या असत्या. मावशीने सकाळीच पीठ निम्म्यावर आणलं. नियमात शब्द बदलला: लोक गेलेत आणि अडकलेत की गेलेच नाहीत, हे आधी बघायचं.

१३ जुलै, शनिवार

भाजीच्या वजनाचं काम. डबा २०० ग्रॅमचा, ₹४०. ₹६०० चा डिजिटल काटा आणला. पहिल्या दिवशी सुरुवातीचे वीस डबे मोजले आणि ते आकडे फेकून द्यावे लागले, कारण सहा वाजता पातेलं भरलेलं असतं आणि एकच ताई भरत असते, रात्री नऊच्या डब्याचं त्यातून काही कळत नाही. मग चिठ्ठ्या केल्या, १ ते ११०, त्यातून ३० उचलल्या, त्या नंबरचा डबा आला की वजन करायचं. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे आणि त्यांच्याबरोबर व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीचे अंदाज असेच काढायला लावले, शेतातला तुकडा अधिकाऱ्याच्या मर्जीने नाही तर चिठ्ठीसारखा, नशिबाने निवडायचा. ते काम देशभरच्या गहू-भातासाठी होतं आणि तेच आपल्या बटाट्याच्या भाजीला लागू पडतं याचा मला फार आनंद झाला.

सरासरी २२३ ग्रॅम, डेव्हिएशन १४. म्हणजे डब्यामागे २३ ग्रॅम जास्त, ग्रॅमला ११ पैसे, ११० डबे, रोजचे ₹२७८. आणि तरीही शंभरातले पाचेक डबे २०० च्या खाली! मावशीला २७८ रुपयांचं काही वाटलं नाही, त्या पाच डब्यांचं मात्र फार वाईट वाटलं. दोघी ताईंचे आकडे वेगळे केले तर एकीची सरासरी २३०, डेव्हिएशन ९, दुसरीची २१६ आणि १५. दुसरीकडचा डाव उथळ होता, त्यात रस्सा आणि फोडी दर वेळी वेगळ्या येतात. दोघींना एकच खोल डाव दिला, ₹१८० ला एक.

२० जुलै, शनिवार

परत चिठ्ठ्या काढून मोजलं. सरासरी २११, डेव्हिएशन ६. रोजचे सुमारे ₹१४५ वाचतात आणि २०० च्या खाली जाणारे डबे शंभरात पाचाऐवजी तीन-चार. सरासरी कमी करूनही कमी भरणारे डबे वाढले नाहीत, कारण चढउतार कमी झाला. आधी डाव बदला, मग सरासरी खाली आणा, उलट केलं तर गिऱ्हाईक ओरडेल.

(१७ ला आषाढी. पोळ्या बंद, साबुदाणा खिचडी, त्या दिवसाचा हिशोब यात नाही.)

२५ जुलै, गुरुवार

तीन भाज्या: बटाटा, उसळ, पालेभाजी. प्रत्येकीचा रोजचा चढउतार साधारण १२ डब्यांचा. प्रत्येकीवर वेगळे जास्तीचे डबे ठेवले तर उरतातच. पण तिन्हींच्या बेरजेचा चढउतार ३६ नाही, फक्त १५ आहे, कारण उसळ संपली की लोक बटाटा घेतात. म्हणून आता उसळ आणि पालेभाजी सरासरीच्या जरा खालीच, आणि जास्तीचे सगळे डबे बटाट्यावर. बटाटे उकडून ठेवलेले असतात, आठला फोडणी दिली की दहा मिनिटांत भाजी तयार, नाही लागले तर बटाटे फ्रिजमध्ये जातात. उसळीचं तसं करता येत नाही. संकष्टीला (काल) मात्र पालेभाजी पण लसणाशिवाय, ते मावशीच्या हातात.

लसूण चटणीची पुडी पुढे ठेवावी की मागे, यासाठी रोज नाणं उडवून जागा ठरवत होतो. पुढे असताना २१२ पैकी ३१ गिऱ्हाइकांनी घेतली, मागे असताना २०५ पैकी १९. साडेपाच टक्क्यांच्या जवळचा फरक, पण एवढ्या लोकांत सहा टक्क्यांपर्यंत नुसत्या योगायोगाने हलू शकतं, म्हणून पुढे ठेवल्याने खप वाढतो असं अजून म्हणता येत नाही. पुढे ठेवायला खर्च काहीच नाही, म्हणून पुढेच ठेवली. पैसे लागणार असते, म्हणजे नवीन स्टँड वगैरे, तर अजून महिनाभर नाणं उडवलं असतं.

३१ जुलै, बुधवार

महिन्याचा हिशोब. जूनशी तुलना केली नाही, पावसाचा महिना वेगळा. शीटमध्ये एक कॉलम ठेवला होता, त्याच दिवशी जुन्या नियमाने ४२० केल्या असत्या तर काय झालं असतं त्याचा. २६ दिवसांत सरासरी रोज ८५ पोळ्या जास्त केल्या आणि ७५ जास्त विकल्या. ७५० उणे ३८२.५०, रोजचे ₹३६७.५०, महिन्याचे ₹९,५५५ फक्त पोळीवर. त्या जास्तीच्या पोळ्यांबरोबर गेलेली भाजी वेगळी. यातून जूनच्या चाचणीचे ₹३,५२४, काटा, दोन डाव वजा करा, आणि माझ्या रविवारांचे मी काही लावले नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार

रविवारी केंद्र फक्त दुपारी असतं. आज दीप अमावस्या, उद्यापासून श्रावण, घरोघरी मटण-चिकन, त्यामुळे पोळ्या भरपूर गेल्या आणि भाजीला कोणी हात लावला नाही. पाच पोळ्यांमागे एक भाजी हे गणित आज चाललं नाही, म्हणून रविवारी ०.६७ न धरता पोळीपुरतं ०.५५ च धरायचं ठरलं.

उद्या श्रावणी सोमवार, उपवासवाले बरेच. सोमवारचा नवीन कॉलम कोरा आहे. पहिला सोमवार मावशी सांगेल तेवढ्या, त्यानंतरचे मोजून. ७ सप्टेंबरला गणपती, त्या आठवड्यात लोक गावी जातात, तेव्हाची वही आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे.